पाचशेच्या नोटेमागं नेमकं काय असतं

परवा बसस्टँडवरच्या टपरीवर चहा पिता पिता आबाजींनी पाचशेची नोट उन्हात धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि जोरात वाचलं, "मैं धारक को पाँच सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ." मग माझ्याकडं वळून, "काऊन रे बाबू, हे घेऊन मी नागपूरच्या रिझर्व बँकेत गेलो तं ते मले काय देतीन?" मी बीकॉम, म्हणून असले प्रश्न माझ्याच डोक्यावर. म्हटलं आबाजी, दुसरी पाचशेची देतील, नाहीतर शंभराच्या पाच. "मंग वचन कायचं?"

टपरीवाल्याचं ठाम मत की जेवढ्या नोटा तेवढं सोनं ठेवलेलं असतं. मलाही कॉलेजला जाईपर्यंत तेच वाटायचं. सोनं आहे, नाही असं नाही, त्यातलं काही नागपूरच्याच तिजोरीत आहे. पण 1957 पासून कायद्याची अट एवढीच की सोनं आणि विदेशी रोखे मिळून किमान 200 कोटींचा साठा हवा आणि त्यात 115 कोटींचं सोनं हवं, आणि आज चलनात नोटा आहेत 35 लाख कोटींच्या वर! बाकी नोटांमागं विदेशी रोखे, सरकारी रोखे, म्हणजे परत कागदच. अमेरिकेनं तर 1971 मध्ये डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंदच करून टाकलं.

मला हे खरं समजलं ते चिठ्ठ्यांवरून. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा ती पद्धत, बंद पडल्यावर आमच्याकडं खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारे व्यापारी, यायला लागले, त्यातला एक जण काटा झाला, म्हणजे कापूस मोजून झाला, की नगदी द्यायचा नाही, वहीतलं पान फाडून रक्कम लिहून सही करायचा. आमची माय तीच चिठ्ठी घेऊन किराण्यात जायची, तेल, साखर, चहापत्ती सगळं मिळायचं, किराणावाला ती पुढं शिंप्याला द्यायचा, शिंपी आणखी कोणाला. जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, पैसे आले की व्यापारी चिठ्ठ्या सोडवतो हे सगळ्यांना माहीत होतं ना. मग एका सालात त्यानं कापूस घेतला कमी आणि उधाऱ्या फेडायला चिठ्ठ्या वाटल्या भरमसाठ. हळूहळू किराणावाला शंभराच्या चिठ्ठीवर ऐंशीचाच माल द्यायला लागला, होळीपर्यंत पन्नासचा. कागद तोच, सही तीच. आमच्या पेटीत त्यातल्या दोन अजून पडल्या आहेत.

सरकारच्या नोटेचं पण असंच, फरक एवढा की सरकार आपल्याकडून कर वसूल करतं आणि तो त्याच नोटेत घेतं. 8 नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी आठवा, ऐन कापसाचा सीझन, किराणावाला जुनी पाचशेची हातात घेईना, पण ग्रामपंचायत घरपट्टीत घेत होती, तर ज्यांनी तीन-तीन वर्षं घरपट्टी भरली नव्हती ते लाईनीत! नोट जिवंत कुठं राहिली, तर जिथं सरकार स्वतः घेत होतं तिथं.

आता चिठ्ठ्या भरमसाठ वाटल्या जाऊ नयेत हे पाहणं रिझर्व बँकेचं काम. सहा जणांची समिती व्याजदर ठरवते, महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवायची, 2 इकडं 2 तिकडं चालतं. शिवाय डॉलरचा साठा लागतो, कारण बाहेरचा माणूस आपल्या घरपट्टीवर विश्वास ठेवून तेल देत नाही. 1991 मध्ये तो साठा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता, तेव्हा जवळपास 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण टाकावं लागलं. म्हणजे सोनं कामी येतं, पण अडल्या वेळी, घरातल्या सोन्याच्या पोतीसारखं.

आणि रुपया घसरला की पहिला दणका खताला, पोटॅश तर सगळं बाहेरूनच येतं. कापसाच्या गाठी बाहेरदेशी विकणाऱ्याला मात्र त्याच डॉलरमागं जास्त रुपये पडतात. हे सांगितलं तर आबाजींनी नोट घडी करून बंडीच्या खिशात टाकली. "मंग ते जास्तीचे रुपये आमच्या काट्यावर कई येतेत?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो.