बोटभर रकाना

गिलनॉकीहून परतून दोन दिवस झाले, तरी तिथल्या अभिप्रायवहीतला तो रकाना डोळ्यांसमोरून हलत नाही. दोऱ्याने बांधलेले पेन उचलून मी ‘आडनाव’ या शब्दाखाली सासरचे नाव लिहून मोकळी झाले. माझ्यानंतर कॅनडाच्या एका बाईंनी आपले लग्नानंतरचे आडनाव लिहिले आणि त्यालाच चिकटून, ठसठशीत अक्षरांत, ‘आईकडून आर्मस्ट्राँग’ अशी पुस्ती जोडली. त्या एवढ्या लांब आल्या होत्या त्या केवळ त्या पुस्तीसाठी.

स्कॉटलंडच्या सीमेवर, एस्क नदीच्या काठी १५२०च्या सुमारास बांधलेला हा दगडी मनोरा आता आर्मस्ट्राँग घराण्याचे संग्रहालय झाला आहे. भिंतीला हात टेकत तो अरुंद गोल जिना मी चढत होते, तेव्हा गुडघ्यांइतकेच मनही कुरकुरत होते. माहेरचे आडनाव मी शेवटचे कधी लिहिले, ते तिथेच आठवले: हक्कसोडपत्रावर, तेही ‘पूर्वाश्रमीची’ या शब्दापुढे. त्यानंतर वाडा पाडला. दादाशी त्याबद्दल कधी बोलले नाही, असो. आमच्या कुलवृत्तांतात माझी नोंद एका ओळीची आहे, आणि त्या ओळीतही निम्मी जागा ह्यांच्या हुद्द्याने घेतली आहे.

वर गेल्यावर मात्र हसू आले. ज्याचा एवढा अभिमान, तो जॉनी आर्मस्ट्राँग गुरे पळवणाऱ्या टोळीचा म्होरक्या; पाचव्या जेम्स राजाने त्याला १५३० मध्ये साथीदारांसह फासावर चढवले. आमच्याकडे कोणी दुसऱ्याची म्हैस सोडून आणली असती, तर कुलवृत्तांतात त्याला एक ओळही मिळाली नसती. पुढे १९७२ मध्ये चांद्रवीर नील आर्मस्ट्राँग जवळच्या लँगहोम गावी सन्मान स्वीकारायला आला, तेव्हा गावात सापडेल त्या आर्मस्ट्राँगला फाशी द्यावी, असा चारशे वर्षांपूर्वीचा कायदा त्याला गमतीने वाचून दाखवण्यात आला होता. असे माहेर असावे!

तरीही काल रात्री ह्यांना विचारलेच, की मी तिथे काय लिहायला हवे होते. वर्तमानपत्रातून डोके न काढता हे म्हणाले, “दोन्ही लिहायचीस.”

रकाना बोटभर रुंद होता, आणि तरी त्या बाईंचे त्यात मावले होते.