एक वर्ष आणि एकोणीस दिवस

आमच्या नव्या घराच्या नकाशात माळा नाही. बाकी सगळं आहे. दोन लिफ्ट, जिम, गच्चीवर चालायला वेगळी पट्टी, पार्किंगचेही दोन मजले. कोथरूडमधली आमची तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहणार, हे सोसायटीच्या सभेत मोठ्या पडद्यावर दाखवलं गेलं. पुढच्या रांगा कार्पेट एरियावरून हमरीतुमरीवर आल्या असताना मागून माझ्या सासूबाईंचा आवाज आला, "माळा कुठं काढलाय?"

आर्किटेक्ट मुलगी गोड हसली. "आजी, माळे आता कुणी करत नाही. कपाटांमध्येच भरपूर जागा असते."

"त्यात बंब बसतो का?" आईंनी विचारलं. मुलीला बंब म्हणजे अग्निशमन दलाचाच माहीत असावा, पाणी तापवायचा नाही. ती गप्प बसली.

तर माळा रिकामा करणं आलं. टॉवरचा ताबा छत्तीस महिन्यांनी, तोवर वारज्याला भाड्याचं घर, आणि त्या घरालाही माळा नाही. माझी मुलगी बंगळूरहून सुट्टी काढून मदतीला आली आणि येताना एक नियम घेऊन आली : वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेला. तिथल्या एका खोलीच्या संसारात तिने तो राबवला होता आणि आता तो आजीच्या घरात राबवायचा तिचा मानस होता.

सुरुवातीला नियम झकास चालला. माझ्या न नेसलेल्या साड्या गेल्या, नवऱ्याचे बंद पडलेले चार्जर आणि मोबाइलचे रिकामे खोके गेले (खोके त्याने पुन्हा एकदा उघडून बघितले, आत काही नव्हतं). मग आले डबे. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, काजूकतलीचे. पुण्यात श्रीखंड संपतं तेव्हा खरं तर डबा सुरू होतो. त्यात कढीलिंब, चिंच, रबरबँडं, सुतळ्या. मोठी दोन पोती झाली. कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना मी उदारपणे म्हटलं, यातले चांगले असतील ते घरी न्या. त्या म्हणाल्या, "नको हो, आमच्याकडं पण लई झालेत."

नियम अडला तो मोदकपात्रापाशी.

"आजी, हे शेवटचं कधी काढलं होतं?"

"गणपतीत."

"म्हणजे वर्ष होत आलं."

"होत आलं. झालं नाही."

त्यावर मुलगी म्हणाली, ठीक आहे, हे काठावर पास. पण आईंना काठावर पास होणं आयुष्यात कधी चाललेलं नाही. त्या आत जाऊन जुनी कॅलेंडरं घेऊन आल्या. (तीही ठेवलेली असतात. दुधाचा हिशेब असतो मागे.) 2022 साली गणपती 31 ऑगस्टला बसले. 2023 साली 19 सप्टेंबरला. "मोज," म्हणाल्या. मुलीने फोनवर मोजलं. तीनशे चौऱ्याऐंशी दिवस. एक वर्ष आणि एकोणीस दिवस.

"तुझ्या नियमानं 1 सप्टेंबरला मोदकपात्र जुन्या बाजारात. आणि 19 तारखेला नैवेद्याला काय, इडल्या?"

आमच्या चांद्र वर्षाचे दिवस 354. सूर्याच्या मागे ते दर वर्षी सुमारे अकरा दिवस पडत जातं आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा अधिक महिना घालून ही तूट भरून निघते. 2023 साली श्रावण दोन होते, म्हणून गणपती लांबले. हे शाळेत शिकलो होतो. पण व्हिडिओतला तो नियम ज्या कुणी केला असेल त्याच्या स्वयंपाकघरात अधिक मास येत नसणार, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

आणि अधिकाचा विषय निघाल्यावर ते मोठं तांब्याचं ताम्हण खाली आलं. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, वर दिवा ठेवून. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे, गुळात कालवून पीठ मुरू द्यायचं आणि खसखशीवर थापून तळायचे, तेही खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता. एवढा खटाटोप करून ते ज्यांना द्यायचे ते माझ्या नणंदेचे यजमान मधुमेही आहेत. ते शास्त्रापुरता एक खातात. उरलेल्या बत्तिसांवर आमच्या घराचा डोळा असतो, आणि म्हणूनच हे ताम्हण तीन वर्षांतून एकदाच निघत असलं तरी त्याच्याविरुद्ध बोलायला कुणी तयार होईना. मुलगीसुद्धा.

तिने मग दुसरी वाट काढली. सोसायटीत बारा घरं, बारा मोदकपात्रं कशाला? दोन ठेवायची, लागतील तशी फिरवायची. ड्रिल मशीन, शिडी, टायरात हवा भरायचा पंप हे सगळं तसं फिरतंच. कल्पना मलाही पटली होती. पण शिडी कुणाला मंगळवारी लागते, कुणाला शनिवारी. मोदकपात्र वर्षातून एकदाच लागतं आणि ते बाराही घरांना त्याच दिवशी, आरतीच्या आधीच्या त्याच दोन तासांत लागतं. होळीला पुरणयंत्राचं तेच. उसनवारी चालायची तर निम्म्या सोसायटीने पंचमीला गणपती बसवायला हवेत.

"मग विकत आणू," मुलगी म्हणाली. "आता सगळं मिळतं."

खरं आहे, मिळतं. आई त्याच्या विरोधात आहेत असंही नाही. चकल्या आम्ही कधीच्या बाहेरून घेतो, मागच्या गल्लीतल्या एक काकू उत्तम करतात, म्हणून सोऱ्या निमूटपणे बाहेरच्या ढिगात गेला. कुरडयांचंही तेच. पण पुरणपोळी विकत आणली की घरात कट निघत नाही. हरभऱ्याची डाळ शिजली की ते वरचं पाणी निथळून घ्यायचं, त्यात चमचाभर पुरण, गोडा मसाला, चिंच, गूळ, ओलं-सुकं खोबरं भाजून वाटलेलं. होळीच्या दिवशी आमच्याकडे पोळीचं कौतुक होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्याच्या तळाशी उरलेल्या आमटीवरून भांडणं होतात. शिळी कटाची आमटी आणि गरम भात. ती कुठल्या दुकानात पिशवीत मिळत असली तरी मला सांगू नका. पितळी पुरणयंत्र, त्याच्या दोन्ही जाळ्या आणि एक पाय आखूड असल्याने त्याखाली घालायची लाकडी चकती, हे सगळं राहिलं ते पोळीसाठी नाही, आमटीसाठी.

बंबाचं काय होणार याची आम्हाला धास्ती होती. तांब्याचा, चांगला कमरेएवढा, बाजूला तोटी, मधोमध नळकांडं. नवरा हळूच म्हणाला, तांबट आळीत दाखवू का, नाहीतर बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालयात. दिनकर केळकरांनी असल्याच वस्तू आयुष्यभर जमवल्या, अडकित्ते, दिवे, करंडे, वज्री, आणि 1975 साली सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने तो आजही उभा आहे. "त्यांच्याकडे वाडा होता, बाबा," मुलगी म्हणाली.

आईंनी बंबाकडे एकदा बघितलं. "देऊन टाका. पाणी काय, गिझरचंही तसंच तापतं." सभेत तो प्रश्न त्यांनी फक्त आर्किटेक्टला गप्प करायला विचारला होता, हे तेव्हा कळलं. तांबट आळीत तो मोडीच्या भावाने गेला. मला उगाच हळहळ वाटली, त्यांना नाही.

आम्ही धरून चाललो होतो की त्यांचा जुन्या वस्तूंत जीव आहे. पानशेतच्या पुरात, 12 जुलै 1961 ला, नारायण पेठेतलं त्यांचं माहेरचं घर अर्धं वाहून गेलं. त्या तेव्हा शाळेत होत्या. सगळं एकदा गेलेलं माणूस पुढे काही टाकू शकत नाही, असं माझं आपलं घरगुती मानसशास्त्र. आई म्हणाल्या, छे, उलट. चिखलातून पाटा निघाला, वरवंटा गेला, आणि कुणाचं काही अडलं नाही. दोन महिन्यांनी गणपती आले तर त्यांच्या आईने शेजारचं पातेलं आणून, त्यावर चाळणी ठेवून मोदक उकडले.

मुलीने हे नेमकं पकडलं. "म्हणजे पातेल्यात चाळणी ठेवून होतात!"

"होतात की. चार-चार. तुझा बाबा एकटा अकरा खातो."

हा हिशेब बिनतोड होता. मोदकपात्र गेलं आत.

सामान हलवायला आलेल्या मुलांनी खोक्यांवर मार्करने लिहायला सुरुवात केली होती, किचन एक, किचन दोन. आईंनी मार्कर मागून घेतला आणि स्वतःच्या खोक्यांवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : भाद्रपद. आश्विन. फाल्गुन. अधिक. आश्विनात आता चकल्या नव्हत्या, पण शंकरपाळ्यांचं कातणं, करंज्यांचा साचा आणि पणत्या होत्या.

वारज्याला पोचल्यावर त्यातला एक मुलगा, परभणीकडचा, हातात खोकं घेऊन दारात थबकला. "आजी, फाल्गुन कुठल्या खोलीत?"

"खोली कुठलीही चालेल. आत्ता श्रावण आहे."

त्याने क्षणभर विचार केला. "मग भाद्रपद दारापाशी ठेवतो, त्याच्यामागं आश्विन. फाल्गुन पार आत."

आईंनी मला चहा टाकायला सांगितलं, आणि त्याच्यासाठी आलं घालायला. मग त्याला म्हणाल्या, "आणि तो अधिकाचा खोका पलंगाखाली ढकलू नकोस. 2026 ला ज्येष्ठ दोन आहेत, आणि बिल्डर काही तोवर आम्हाला घर देत नाही."