कागद नेसलेली गोळी

माझी रायफल म्हणजे १८७४च्या शार्प्स या अमेरिकी रायफलची इटलीत बनवलेली नक्कल. काडतूस पंचेचाळीस-सत्तर, म्हणजे .४५ इंचाची गोळी आणि मुळात सत्तर ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) काळी दारू. अमेरिकी लष्कराने ते १८७३मध्ये स्वीकारलं. इथे कोलोरॅडोत तयार काडतुसं दुकानात मिळतात, पण त्यात आजची बिनधुराची दारू असते. मला जुन्याच पद्धतीने जायचं होतं: काळी दारू, मऊ शिसं आणि गोळीभोवती कागद.

कागद कशाला? नुसती मऊ गोळी उडवली की शिसं नळीला घासून चिकटतं. कागद मधे असला की शिशाचा नळीला स्पर्शच होत नाही. अशी गोळी नळीत आधी सैलच शिरते. दारू पेटली की मागून दणका बसतो, शिसं फुगतं आणि कागदासकट नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, म्हणजे आट्यांत, रुततं. नळीबाहेर पडताच कागदाच्या चिंध्या उडतात आणि गोळी उघडी पुढे जाते. १८५७ म्हटलं की आपल्याला दातांनी तोडायचं काडतूस आठवतं. त्या एनफिल्डमध्येही चरबी लावलेला कागद गोळीभोवती राहूनच नळीत उतरायचा. नंतर हिंदुस्थानात आलेल्या मार्टिनी-हेन्रीची गोळीसुद्धा कागदवालीच.

गोळ्या मी घरीच ओततो. सोळा भाग शिसं, एक भाग कथील. ओतण्याबद्दल फार सांगत नाही: साचा नीट तापला नाही तर गोळीवर सुरकुत्या येतात, त्या परत वितळवायच्या, झालं.

खरी करामत कागदाची. पिंपरीच्या टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला ‘थाऊ’ (इंचाचा हजारावा भाग) शिकवावा लागत नाही, त्यामुळे इथे मला घरी आल्यासारखं वाटलं. माझ्या नळीचा आतला व्यास, आट्यांच्या माथ्यावर मोजला तर, .४५०. साच्यातून गोळी येते .४४२ची. सुती ओनियनस्किन कागद दोन थाऊ जाड. दोन वेढे म्हणजे व्यासात कागदाच्या चार जाड्या, आठ थाऊ. बेरीज बरोबर .४५०. कागदावर हिशेब चोख, पण नळी हिशेब वाचत नाही. पहिला बार सुरेख झाला. दुसऱ्या वेळी नळीत काजळी होती आणि गोळी अर्ध्यात अडली. मग गोळ्या डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकातून, काढून .४४१वर आणल्या. गुंडाळल्यावर .४४९. अंगठ्याने हलकं ढकललं की सरकते, तशी हवी.

कागदाची पट्टी तिरकी कापायची, समांतरभुज चौकोनासारखी. दोन वेढे झाल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, चढता कामा नयेत. चढली तर तिथे गोळी एका बाजूला जाड होते. पट्टी पाण्यात भिजवून गुंडाळायची, बुडाशी उरलेलं शेपूट वातीसारखं पिळायचं, कापायचं, आत दाबायचं. कागद वाळताना आकसतो आणि अंगाला घट्ट बसतो. बायकोचा हात या कामात माझ्यापेक्षा सफाईदार निघाला. ‘अहो, ओढू नका, फक्त फिरवा,’ हा तिचा सल्ला मी अजून पाळतो.

काडतूस भरताना दारू लांब नळीतून हळूहळू सोडायची, म्हणजे दाणे दाटीने बसतात. वर पुठ्ठ्याची चकती, मग मेण आणि मेंढीच्या चरबीची वडी, पुन्हा चकती, शेवटी गोळी. काळ्या दारूच्या काडतुसात पोकळी मुळीच ठेवायची नसते. दारूपासून गोळीपर्यंत सगळं एकमेकांना टेकलेलं हवं. आणि काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू भरणं म्हणजे बंदुकीसकट स्वतःला उडवणं. गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचात, जेमतेम अष्टमांश इंच जाते, बाकीची पुढे नळीत. म्हणून सत्तर ग्रेनपेक्षा थोडी जास्त दारूही मावते. माझ्या रायफलचं गणित मात्र वजनापेक्षा दारू किती दाबली यावर जास्त हललं.

रेंजवर एक पेन्शनर गृहस्थ नेहमी असतात. माझं टार्गेट त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ नळीपुढच्या गवतात वाकून कागदाचे कपटे वेचायला लागले. चांगला कपटा आट्यांनी लांबीत सरळ चिरलेला असतो, कडा स्वच्छ. माझे काही कपटे तपकिरी, भोकं पडलेले. म्हणजे गोळीच्या बगलेतून आग पुढे निसटत होती. पुठ्ठ्याची चकती जरा जाड केली आणि ते थांबलं.

दुसरी खूण चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, सापडली. बार झाल्यावर केस काढली की तोंडाशी कागदाचं बारीक कडं उरायचं. विकत आणलेल्या पितळी केस चेंबरपेक्षा आखूड होत्या. पुढे उरलेल्या फटीत गोळी फुगायची आणि कागद तिथेच कातरला जायचा. चेंबरची लांबी मोजून त्या मापाच्या लांब केस आणल्या, कडं नाहीसं झालं. टार्गेटवर इकडे तिकडे भटकणाऱ्या गोळ्या त्याच दिवशी शहाण्या झाल्या: दोनशे यार्डांवर पाच गोळ्या तीन इंचांत. १८७४मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला अमेरिकनांनी आयरिश संघाला ९३४ विरुद्ध ९३१ असं हरवलं, तेही ८०० ते १००० यार्डांवर. त्यापुढे माझे तीन इंच म्हणजे काहीच नाही.

प्रत्येक बारानंतर नळी पुसावीच लागते. मी पाण्यात थोडं सोल्युबल ऑईल घालतो, तेच लेथवरचं पांढरं पाणी. ओलं फडकं, मग कोरडं, दोन्ही मागून पुढे. इथली हवा इतकी कोरडी की उन्हाळ्यात काजळी दगडासारखी कडक होते आणि एका ओल्या फडक्याने भागत नाही, दोन लागतात. आता पाचशे मीटरवरच्या मेंढ्याच्या आकाराच्या लोखंडी टार्गेटची तयारी चालू आहे, आणि त्यासाठी साइट आणखी किती वर चढवावी लागते ते पाहायचंय.