रिव्ह्यू कोड मिळेपर्यंत: मोबाईल आणि हँडहेल्ड गेमिंगचं नियतकालिक वाढवतानाचा माझा अनुभव

डोमेन, होस्टिंग, मांडणी, लिहिणारी माणसं या गोष्टी जमून येतात. त्यावर वेळ घालवत नाही. नियतकालिक अडतं ते रिव्ह्यू कोडपाशी, म्हणजे रिव्ह्यूसाठी गेमची प्रत फुकट मिळवून देणाऱ्या कोडपाशी. गेम बाजारात येऊन आठवडा उलटल्यावर छापलेला रिव्ह्यू फार कमी लोक वाचतात, कारण ज्यांना घ्यायचा होता त्यांनी तो घेतलेला असतो. म्हणजे कोड आधी हवा. आणि कोड मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, महिन्याला वाचक किती? कोड नाही म्हणून वाचक नाहीत, वाचक नाहीत म्हणून कोड नाही.

एका मोठ्या कंपनीच्या प्रेस-नोंदणीच्या फॉर्मचा राग अजून गेलेला नाही. वाचकसंख्या, तिचा पुरावा, छापून आलेल्या रिव्ह्यूंचे दुवे, सगळं भरून घेतात. मग 'अर्ज तपासत आहोत' असं आपोआप येणारं उत्तर, आणि पुढे शांतता. नकार आला तरी माणूस दुसरी वाट धरतो. इथे नकारही येत नाही.

पण त्यांच्या संशयाला कारण आहे. खोटे रिव्ह्यूकार कोड मागतात आणि ते परस्पर विकतात. छोट्या डेव्हलपरकडे रिलीजच्या सुमारास अशा मेलचा ढीग लागतो. त्यामुळे तो आधी माणूस खरा आहे का ते बघतो: मेल नियतकालिकाच्याच डोमेनवरून आलाय का, तोच पत्ता संपर्काच्या पानावर आहे का, पाठवणाऱ्याच्या नावाने आधीचे रिव्ह्यू दिसतात का. फुकटच्या मेल पत्त्यावरून केलेली मागणी बहुतेक वेळा न वाचताच केराच्या टोपलीत जाते.

मेल मुळात पोचतोय का, हेही तपासा. मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या तिन्ही नोंदी डोमेनवर हव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने याबाबत नियम कडक केले आहेत. स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि 'शो ओरिजिनल' बघा. तिन्हीपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

मेलमध्ये मोजकंच लिहावं: गेम, प्लॅटफॉर्म, कोणत्या यंत्रावर खेळणार, खात्याचा देश, रिव्ह्यू कधी येणार आणि त्याच प्रकारच्या गेमचे दोनतीन जुने रिव्ह्यू. कोड एकच मागा. वाचकांना वाटायला म्हणून जास्तीचे मागितले की संशय पक्का होतो. शिवाय अ‍ॅप स्टोअरवर डेव्हलपरला एका आवृत्तीमागे फुकट प्रतीचे १०० प्रोमो कोडच मिळतात, ते २८ दिवसांत बाद होतात, आणि अ‍ॅपलने आवृत्ती मंजूर केल्याशिवाय तयारच होत नाहीत. म्हणून रिलीज लांब असेल तर टेस्टफ्लाइट या अ‍ॅपलच्याच चाचणी-सेवेवरचं बिल्ड, म्हणजे चाचणीची आवृत्ती, मागावं. ते ९० दिवस चालतं आणि त्यात बाहेरचे १०,००० परीक्षक बसतात, त्यामुळे डेव्हलपरचा हात आखडत नाही.

टेस्टफ्लाइटमध्ये गेममधल्या खरेदीचे पैसे कापले जात नाहीत. तिथे रत्नं-नाणी घेऊन 'गेम पैशांसाठी अडवत नाही' असं लिहिलं तर ती वाचकाची फसवणूक आहे. फुकट गेमचा पैशांचा भाग रिलीजनंतर, नव्या खात्यावर, शून्यापासून खेळूनच लिहावा.

अँड्रॉइडच्या बंद चाचणीत, म्हणजे निवडक लोकांनाच गेम मिळतो त्या चाचणीत, वेगळाच घोळ. डेव्हलपरला दिलेला गूगल पत्ता आणि फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये निवडलेलं खातं एकच हवं, आणि चाचणीत सामील होण्याचा दुवा आधी उघडलेला हवा. नाहीतर अ‍ॅप उपलब्ध नाही एवढंच दिसतं आणि दोष बिचाऱ्या डेव्हलपरला लागतो. हातात धरून खेळायच्या निन्टेंडो स्विचचा १६ अक्षरी कोड खात्याच्या देशाशी बांधलेला असतो. खात्याचा देश बदलता येतो, पण खात्यात पैसे शिल्लक असतील तर बदलू देत नाहीत. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग संगणकावर प्रोटॉनची (त्यावर विंडोजचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती सारखी बदलू नका. काही चोरीविरोधी प्रणाली प्रत्येक बदल नवं यंत्र समजतात आणि बदल जास्त झाले की गेम २४ तास बंद पडतो. एम्बार्गो, म्हणजे रिव्ह्यू छापण्यावरची बंदी, उठण्याच्या आदल्या रात्री हे परवडत नाही.

कोंडी फुटते ती छोट्या डेव्हलपरांकडून. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमची शिफारस करणाऱ्यांसाठी, म्हणजे क्युरेटरांसाठी, क्युरेटर कनेक्ट आहे. तिथे डेव्हलपर गेमची प्रत थेट क्युरेटरच्या खात्यात टाकतो, विकता येईल असा कोड हातात येतच नाही, म्हणून विश्वासाचा प्रश्न कमी होतो. आणि लिहायचं ते मोठी नियतकालिकं सोडून देतात तेच: हातात धरल्यावर गेम कसा चालतो. पहिल्या स्टीम डेकच्या ७ इंची, १२८० × ८०० च्या पडद्यावर अक्षरं वाचता येतात का? अख्खं यंत्र २० वॅट खात असेल तर पहिल्या डेकची ४० वॅट-तासांची बॅटरी २ तासांत संपते, हा आकडा वाचकाला दहा विशेषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. फोनवर पहिल्या ५ मिनिटांचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) धरू नका. चार्जर काढून, कव्हर काढून, ब्राइटनेस पक्का करून अर्धा तास खेळा, मग मोजा. फोन तापल्यावर प्रोसेसर वेग उतरवतो; खरा आकडा तोच. आमचे वाचक या मोजमापांमुळेच वाढले, याचा मला अभिमान आहे.

चित्रांचं राहिलं. फोनवर लेख सुचवणाऱ्या गूगल डिस्कव्हरमध्ये चित्र मोठं दिसायला ते किमान १२०० पिक्सेल रुंद लागतं. स्विचचा स्क्रीनशॉट १२८० रुंद असतो, तो चालतो. आयफोन १५ वरचा उभा स्क्रीनशॉट मात्र ११७९ चा, २१ पिक्सेलने हुकतो. उभे दोनतीन शेजारी लावून १६०० × ९०० चं आडवं चित्र करा.

एम्बार्गोची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहून घ्या आणि साइटच्या सेटिंगमधला टाइमझोन त्याच्याशी ताडून बघा. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओची मुदत वेगळी असू शकते, तेही विचारा.

आणि तो मोठा फॉर्म? तो नव्या रिव्ह्यूंचे दुवे जोडून ठरावीक काळाने पुन्हा भरत राहावा, पण मेल पत्ता तोच ठेवून. पत्ता बदलला की आधीचा सगळा पत्रव्यवहार तुटतो आणि ओळख पटवणं पहिल्यापासून सुरू होतं.