आज्ञा पाळणारेच मारले गेले तेव्हा

अपोकॅलिप्स म्हटलं की सगळ्यांना जगबुडी, अणुयुद्ध असलं काहीतरी आठवतं, पण ज्यू परंपरेत अपोकॅलिप्स म्हणजे देवाने दाखवलेले गूढ दृष्टान्त सांगणारी पुस्तकं, आणि ती ज्या काळात बहरली तेव्हा लोकांना छळणारा प्रश्न वेगळाच होता, देवाचं ऐकणारी माणसंच का मरतायत?

आधीच्या संदेष्ट्यांचं उत्तर सरळ होतं, तुम्ही पाप केलंत म्हणून संकट आलं, आता मागे फिरा. पण इ.स.पू. 167 च्या सुमाराला ज्यूंवर राज्य करणाऱ्या अँटिओकस चौथा या ग्रीक राजाने सुंता आणि शब्बाथवर, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसावर, बंदी घातली, यरुशलेमचं मंदिर विटाळलं, आणि आता आज्ञा मोडणारे सुरक्षित अन् पाळणारे ठार, म्हणजे जुनं उत्तर चालेचना. दानीएलच्या पुस्तकाचा उत्तरार्ध याच धामधुमीतला असं बहुतेक अभ्यासक मानतात, गोष्ट मात्र साधारण 400 वर्षं आधीची, बाबेलातली, म्हणजे बॅबिलॉनमधली. त्यात समुद्रातून चार श्वापदं निघतात, ती साम्राज्यं, शेवटच्याला एक बढाया मारणारं लहान शिंग, तो कोण हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागलं नसणार! आणि बाराव्या अध्यायात मेलेले उठतील असं येतं, हिब्रू बायबलमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच नाही. मला हे फार मोठं वाटतं, या जन्मात न्याय मिळत नाही हे दिसत असूनही त्या लेखकाने न्यायाचा हट्ट सोडला नाही, तो मरणाच्या पलीकडे नेला.

अशाच दुसऱ्या एका, हनोखच्या पुस्तकाचे काही भाग तर याहून जुने, त्याचे अरामी भाषेतले तुकडे मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडले, आणि अख्खं पुस्तक जपलं ते इथिओपियाच्या चर्चने.

ख्रिस्ती बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, पहिल्या शतकाच्या शेवटाकडचं, पात्म बेटावरून योहानाने आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेलं. पूर्वी बाबेलने पाडलं तसं इ.स. 70 मध्ये रोमनेही यरुशलेमचं मंदिर पाडलं होतं, म्हणून रोमचं नाव इथे बाबेल. त्यातल्या श्वापदाचा आकडा 666, त्याचं म्हणाल तर रोमन सम्राट नीरो कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांची अंकमूल्यं मिळवली की तेवढीच बेरीज येते, त्यामुळे लोक तो आकडा आजच्या पुढाऱ्यांना चिकटवतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण मग अठरावा अध्याय कुणी वाचतच नाही. तिथे बाबेल पडल्यावर व्यापारी रडतात, आता आपला माल कोण घेणार म्हणून, आणि त्या मालाची यादी सोन्यापासून सुरू होऊन गुलाम म्हणून विकलेल्या माणसांवर संपते.