दुसरा शब्द कोणाला?

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, 20 मार्च ते 23 एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. मार्चात आला तर सोलापुरात दुपारचे तीन तास चर्चमध्ये बसणं निभून जायचं. एप्रिलात आला की पंख्याखालच्या बाकांवर अकरापासूनच रुमाल पडायचे. आमच्या मंडळीत बारा ते तीन उपासना. वधस्तंभावरचे सात शब्द, म्हणजे क्रुसावर खिळलेल्या येशूची सात वाक्यं, आणि प्रत्येकाला एक असे सात वक्ते. लूकच्या शुभवर्तमानातले तीन, योहानाच्या तीन आणि मत्तय-मार्क मिळून एक. वक्त्यांची यादी पाळकसाहेब आधीच फळ्यावर लावायचे आणि खरी गंमत तिथूनच सुरू व्हायची.

सुरुवातीला शब्बाथ शाळेची मुलं रोमकरांस पत्रातलं वचन म्हणायची, 'सर्वांनी पाप केले आहे'. स्वतःला पापी म्हणताना इतकं खुशीत ओरडणारी पोरं दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाहीत. पहिला शब्द, 'हे बापा, त्यांना क्षमा कर', बाहेरगावच्या पाहुण्यांचा. पाचवा, 'मला तहान लागली आहे', तरुण संघातल्या नवख्याला. बोलता बोलता त्याचाच हात टेबलावरच्या तांब्याकडे जायचा आणि मागच्या बाकावर आम्ही ओठ दाबून बसायचो. मधूनमधून पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची गीतं. आज्यांना ती पुस्तक न उघडता येत.

वाद दुसऱ्या शब्दावरून. येशूशेजारी खिळलेल्या चोराने 'माझी आठवण करा' एवढंच म्हणावं आणि त्याच दिवशी सुखलोकात जावं! लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये आयुष्य काढलेल्या एका काकांना हा चोर फार प्रिय. बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही, सुधारायला सवडही नाही, नुसती दया. आमच्या निवृत्त गुरुजींना हे सरळ सरळ स्वस्त वाटे. त्यांचा माणूस शुभवर्तमानातला जक्कय. जकातदारांचा मुख्य, पण येशू घरी आल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेलं चौपट परत केलं. नियमशास्त्रातही चोरलेल्या एका मेंढरामागे चार मेंढरं भरायला सांगितलीत, हे गुरुजी आवर्जून ऐकवायचे.

हा शब्द दोघांनाही हवा असे. एका वर्षी काकांना मिळाला, की उपासना सुटल्यावर महिला मंडळाचं पन्हं पिता पिता गुरुजी सुरू करत. रंगभवनापासून सात रस्त्यापर्यंत दोघं तावातावाने बोलत जायचे, मागे आम्ही.

"मास्तर, चोराचे हात खिळ्यांत होते हो. परत करायचं तर कुठल्या हातानं?"

"ज्यांचे हात मोकळे आहेत त्यांनी त्या खिळ्यांचं निमित्त सांगू नये."

"पण जक्कयच्या घरीसुद्धा आधी पाहुणा गेला, मग पैसे निघाले. उलटं नाही झालं."

यावर गुरुजी गप्प व्हायचे, पण सात रस्त्यापुरतेच. माझं मत विचाराल तर काकांचं वचन पक्कं होतं आणि गुरुजींना माणसं पक्की ठाऊक होती. दर लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, डोळे पुसून पुन्हा तोच खोटा काटा लावणारे त्यांनी पाहिले होते.

बायकांना मात्र वर्षानुवर्षं तिसराच शब्द, 'बाई, पाहा, हा तुझा मुलगा'. आईचा विषय म्हणून बाई बोलणार, एवढाच त्यामागचा विचार. मला तो तेव्हाही पटला नव्हता. मग एका वर्षी पाहुण्यांची गाडी चुकली आणि महिला मंडळातल्या एका मावशींना ऐनवेळी पहिला शब्द मिळाला. हातात कागद नव्हता. खिळे ठोकणाऱ्यांनी माफी मागितलीच नव्हती, तरी येशूने क्षमा मागितली ती त्यांच्यासाठी, हे त्यांनी आधी सांगितलं. मग पदराने मान पुसत म्हणाल्या, "आणि मी इथं घराच्या वाटणीवरून जाऊबाईंशी बोलत नाही. आधी त्यांनी माफी मागावी म्हणून थांबलेय."

जाऊबाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या.

"असलं चर्चमध्ये बोलतात का?" गुरुजी पुटपुटले. शेजारी बसलेल्या काकांनी जोरात मान हलवली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.