येताना लवकर, जाताना उशिरा

माझ्या विमानाचे तास आई देवगडच्या पडवीत बसून बोटांवर मोजते. एप्रिलमध्ये लंडनहून रात्री नऊला सुटलेलं विमान मुंबईत सकाळी सव्वादहाला टेकलं. मे महिन्यात परतताना दुपारी दोनला निघाले ती त्याच संध्याकाळी सव्वासातला लंडनात. आईचं गणित तयार होतं: "जाताना सवापाच तास आणि येताना सवातेरा? म्हणजे घराक येवकच जास्त वेळ लागता!"

दोष घड्याळाचा. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथले लोक काटे मागे घेतात, मग साडेपाच). हा फरक काढला की येताना पावणेनऊ तास उरतात आणि जाताना पावणेदहा. म्हणजे नेमकं उलट! अंतर तेच, सुमारे 7,200 किलोमीटर, तरी घरी येणं तासाभराने लवकर.

हे मी आईला फोनवर समजावत होते आणि मागून अण्णा बोलले, "वारो समोरसून आसलो तर वेळ लागतलोच, त्यात काय!"

अण्णांनी शिडाच्या होडीवर दिवस काढलेत. पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई होडी बाहेर नेई, दुपारचा खारा वारा तिला परत किनाऱ्याला आणी. वेळ चुकली की वल्ही मारा. विमानाचंही फार वेगळं नाही. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. त्याचा वेग ताशी दीड-दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो, हिवाळ्यात तर जास्तच. विमान हवेच्या मानाने ताशी नऊशेच्या आसपास उडतं; पाठीशी वारा मिळाला की जमिनीवरचा वेग वाढतो, समोरून आला की तेवढाच कमी होतो. फरक इतकाच की अण्णांचा वारा दिवसातून दोनदा फिरायचा. हा फिरत नाही, त्यामुळे लंडनला जाताना सहसा समोरचाच वारा.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर आईने विचारलं, "मगे तो एक तास वाचता तो खंय जाता?"

तो कुठे जातो ते मला चांगलं ठाऊक आहे. मुंबईत उतरले की दिवसभर दादरला मावशीकडे, रात्री अकरानंतर कोकणकन्या. कोकण रेल्वे बरीचशी एकेरी मार्गाची, त्यामुळे समोरून गाडी येणार असली की आपली बाजूला थांबते. त्या एप्रिलातही रत्नागिरीच्या अलीकडे क्रॉसिंगला थांबली. बाहेर मिट्ट काळोख, डब्यात कुणीतरी फणसाच्या वासाची पिशवी उघडलेली. पहाटे आईचा फोन आला, "खंय इलस?"

गाडी अजून तिथेच उभी होती.